वरच्या मजल्यावर

पहिले आठ दिवस नुसती पावलं.
मशीनवर बसलं की छत इतकं जवळ येतं
की वर कोण कुठे उभं आहे ते कळतं.
एक टाच टाकते जड.
दुसरी चालत नाही, घासते.

कंपनीचा माणूस म्हणाला होता, टांझानियाच्या आहेत,
एक वर्ष, बाटलीतल्या केळीच्या रोपांचं ट्रेनिंग.
मी नावं मापाच्या वहीत लिहून घेतली,
केमिलेम्बे, असिम्वे.
छाती, कंबर, बाही, सगळे रकाने ओलांडून गेली.
समोरच्या सुपडूभाऊंनी विचारलं,
भाडं वेळेवर येईल का हो?
म्हटलं, तुमच्या भाच्याचं येतं का?

आमच्या पिंप्राळ्यात नळ तिसऱ्या दिवशी,
पहाटे साडेचारला.
हे त्यांना कुठल्या वर्गात शिकवलेलं नव्हतं.
पहिला नळ हुकला.
दुसऱ्याला मी जिन्यातून ओरडले.
तिसऱ्याला वरूनच बादली खडखडत आली
आणि मागून हाक,
"मावशी, पानी उनं!"
उनं.
माझी शिकलेली लेकसुद्धा आता 'आलं' म्हणते.

वांग्याचं भरीत दिलं, कळण्याची भाकर दिली.
केमी मिरचीनं रडली,
असिम्वेनं तिच्याही ताटातलं पुसून खाल्लं.
रविवारी मला वर बोलावलं.
पातेल्यात हिरवी केळी शिजत होती, घेवड्याचे दाणे घालून.
असिम्वे साल काढत होती,
सुरी अशी धरून, जशी मी उसवताना ब्लेड धरते.
माझा बाप रावेरला घड मोजायचा, ट्रक भरायचा.
हिरवं केळ म्हणजे माल.
उपासाचे वेफर्स, कधीमधी भाजी, तेवढंच.
पोट भरायला केळ, हे मी साठाव्या वर्षी पाहिलं.
दोनदा वाढून घेतलं.
मीठ कमी होतं, बोलले नाही.

एप्रिलात त्यांचं वाजलं.
कूलर एक, खाटा दोन, आणि बाहेर पंचेचाळीस.
भाषा कळत नव्हती, पण भांडण कळायला भाषा कशाला?
टाच या कोपऱ्यात, घासणं त्या कोपऱ्यात.
नळाला दोघी वेगवेगळ्या उतरल्या,
आपापली बादली घेऊन,
माझ्याकडे बघून हसल्या, एकमेकींकडे नाही.

तशात आखाजी आली.
गल्लीतल्या लेकी माहेरी आल्या,
कडुनिंबाला झोका बांधला.
माझी आली नाही, नाशिकला फ्लॅटचा ताबा घ्यायचा होता.
मांडे केले होते. कुणाला वाढायचे?
हाक मारली, दोघी आल्या,
ताटं लांबलांब घेऊन बसल्या.
मग पोरींनी असिम्वेला ओढून झोक्यावर बसवलं.
द्यायला कुणीच पुढे होईना, वजनाकडे बघत होत्या.
केमी उठली.
रागातच दिला पहिला झोका.
दुसराही रागात.
असिम्वे वरून काहीतरी ओरडली,
शिवी असावी,
कारण केमीनं तिसरा असा दिला
की फांदीवरचा कावळा उडाला.

समेट झाला का, मी विचारलं नाही.
रात्री वर एक खाट सरकल्याचा आवाज आला.
कुणीकडे, तेवढं मात्र छतातून कळत नाही.

काल केमी जिन्यात बसून आईशी फोनवर बोलत होती.
मी काज करत होते, कान तिकडेच.
त्या सगळ्या लांब लांब शब्दांमधून
अचानक ओळखीचं काही निसटायचं,
जसं उसनं कापड उलगडताना
आपलीच टाचणी सापडावी.
कूलर.
सुपडूभाऊ.
मग बराच वेळ काहीच नाही.
मग नळ, मग माझं नाव, मावशी,
आणि पलीकडून ती बाई,
जिला मी कधी बघणार नाही,
तोच शब्द चुकत चुकत म्हणून बघत होती.

दोरा तुटला होता.
मी तशीच मशीन चालवत राहिले.